जैसलमेरचा वीकेंड: घड्याळ सूर्याचं, बेत आपला

पहिल्यांदा जैसलमेरला गेलो तेव्हा भर दुपारी दीड वाजता किल्ल्यात शिरलो. ऊन असं की दगडाकडे बघवत नव्हतं, जैन मंदिरं पर्यटकांसाठी बंद झाली होती आणि फोटोत सगळं पांढरट आलं. ज्या सोनेरी रंगासाठी एवढ्या लांब गेलो तो काही दिसलाच नाही. संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर चहा घेताना तोच किल्ला समोर मधासारखा चमकायला लागला, आणि तेव्हा कळलं की आपण चुकीच्या वेळी बरोबर ठिकाणी होतो. त्यानंतर दोनदा गेलो, शेवटी आईला घेऊन. वाळवंटातल्या गावात कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे आधी ठरवायचं असतं. पुढचा सगळा बेत त्याच हिशेबाने आखलेला आहे.

आधी तारीख, आणि त्यासाठी कालनिर्णय

मोसम ऑक्टोबर ते मार्च. त्यातही नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हे सगळ्यात सुखाचे. मे-जूनमध्ये पारा ४५च्या आसपास जातो. त्या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतात, पण सकाळी नऊनंतर खोलीबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणजे स्वस्तात मिळालेल्या त्या खोलीतच बसून राहायचं.

दोन आठवडे टाळा. एक दिवाळीनंतरचा, कारण गुजरातमधून गाड्याच्या गाड्या येतात आणि आपलीही मंडळी त्याच सुट्टीत निघालेली असतात. दुसरा नाताळ ते नववर्ष. तेव्हा दर काहीच्या काही वाढतात आणि वाळूवर जत्रा भरते.

आता कालनिर्णय उघडा. आकाशातल्या चांदण्या बघायच्या असतील तर अमावास्येच्या आगेमागेचा शनिवार निवडा. वाळूच्या टेकड्या चांदण्यात बघायच्या असतील तर पौर्णिमेच्या आसपासचा. दोन्ही एका रात्रीत मिळत नाही, आणि बुकिंग करताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा या काळात तिथला मरू महोत्सव असतो. उंटांच्या शर्यती, पगडी बांधायच्या स्पर्धा, मोठी मिशी मिरवणारे स्पर्धक, सगळं असतं. मजा येते, पण शांतता हवी असेल तर तो आठवडाही सोडा.

रजा किती लागेल, ते खरं सांगतो

शनिवार-रविवार एवढ्यात मुंबई-पुण्याहून जैसलमेर होत नाही. शुक्रवारची रजा टाकावीच लागते. ट्रेनने जाणार असाल तर गुरुवार दुपार आणि सोमवारचा अर्धा दिवसही जातो.

थेट विमान मिळालं तर उत्तम. जैसलमेरचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे आणि नागरी उड्डाणं मुख्यतः हिवाळ्यात चालतात. कुठल्या शहरातून, कुठल्या वारी, हे दरवर्षी बदलतं, त्यामुळे ओळखीचा कुणी गेल्या वर्षी थेट गेला होता यावर विसंबू नका. दिल्लीमार्गे जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याने पुढचं विमान चुकण्याची तयारी ठेवा. अडीच दिवसांच्या सहलीत पाच तासांचा उशीर म्हणजे एक अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून माझी पसंती जोधपूरमार्गे. मुंबईहून सकाळचं विमान पकडायचं आणि पुढे टॅक्सीने २८० किलोमीटर. रस्ता सरळसोट आहे, पाच तास धरा. ट्रेनवाल्यांसाठी वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला जाणारी सूर्यनगरी एक्सप्रेस आहे: दुपारी निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवते. वांद्र्याहून थेट जैसलमेरची साप्ताहिक गाडीही आहे, पण तिचे वार आपल्या वीकेंडला जुळतात का ते आधी पाहा. जाताना जुळले आणि येताना नाही, असं सहज होतं.

टॅक्सी जोधपूरपासूनच तिन्ही दिवसांसाठी एकच ठरवा. वाळवंटात रोज नवी गाडी शोधण्यात वेळ जातो, आणि तिथलाच ड्रायव्हर असेल तर कुठलं फाटक किती वाजता बंद होतं ते त्याला पाठ असतं. आमच्या ड्रायव्हरने आईला पहिल्याच चहाला ‘माँजी’ केलं आणि पुढचे तीन दिवस आमच्या वेळापत्रकाचा ताबा दोघांनी मिळून घेतला.

मुक्काम: एक रात्र गावात, एक वाळूत

गावातली रात्र किल्ल्याच्या आत काढायची की बाहेर, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आतली गेस्टहाउसं देखणी आहेत, झरोक्यातून सगळं गाव दिसतं. तरी मी बाहेर राहा असंच म्हणेन.

कारण पाणी. रावळ जैसलने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला तेव्हा माणशी पाणी घागरींनी मोजलं जायचं. सांडपाणी एवढं थोडं की उघड्या गटारांतून वाहून वाळून जायचं. मग नळ आले, पर्यटक आले, खोलीमागे शॉवर आणि कमोड आले. ते पाणी टेकडीच्या पोटातल्या चिकणमातीत मुरायला लागलं, पाया भुसभुशीत झाला आणि काही बुरूज ढासळले. १९९६ साली जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या एका यादीत या किल्ल्याचं नाव गेलं होतं. २०१३मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. आत आजही काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ते त्यांचं घर आहे. आपली दोन बादल्यांची अंघोळ बाहेर झाली तर बिघडत नाही.

आणि एक स्वार्थी कारणही आहे: किल्ल्यात राहिलात तर किल्ला दिसत नाही. पायथ्याला, गच्ची असलेलं हॉटेल घ्या. बुक करताना ‘गच्चीवरून किल्ला दिसतो का’ एवढंच विचारू नका, गच्चीवरून आत्ताचा फोटो मागवा. गाडी दारापर्यंत जाते का तेही विचारा. जुन्या गावातल्या गल्ल्यांत रिक्षासुद्धा अडते.

दुसरी रात्र वाळूत. इथे दोन पर्याय आहेत आणि हा निर्णय सगळ्या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा. सम हे गाव शहरापासून चाळीसएक किलोमीटर पश्चिमेला. खुरी नैर्ऋत्येला, साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. समच्या टेकड्या मोठ्या, तंबूंच्या छावण्या भरपूर, जीप, क्वाड बाइक, पॅरामोटर, जे म्हणाल ते. खुरीच्या टेकड्या थोड्या लहान, गाव मातीच्या घरांचं, गर्दी खूपच कमी. बरोबर बारा-पंधरा वर्षांची पोरं असतील तर सम. म्हातारी माणसं असतील किंवा तुम्हाला स्वतःलाच जरा गप्प बसायचं असेल, तर खुरी.

दुसऱ्या खेपेला समला आम्ही फोटो बघून तंबू घेतला. फोटोत कंदील होते आणि मागे लाटांसारखी वाळू. प्रत्यक्षात तंबूच्या मागच्या कापडाला लागून शेजारच्या छावणीचं स्टेज निघालं. रात्री बारापर्यंत हिंदी रिमिक्स सुरू होतं, इतकं की पलंगाशेजारच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. वाळू दीड किलोमीटरवर, जीपचे पैसे वेगळे. तेव्हापासून फोनवर पाच गोष्टी विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवत नाही:

१. तंबूपासून वाळूच्या टेकडीपर्यंत चालत किती मिनिटं?
२. डीजे आहे का, आणि शेजारच्या छावणीचा ऐकू येतो का?
३. कार्यक्रम किती वाजता संपतो, जनरेटर कुठे ठेवलाय?
४. गरम पाणी सकाळी किती ते किती?
५. उंटाची सफर भाड्यात धरली असेल तर किती वेळाची, आणि सूर्यास्ताची की दुपारी चारची?

पाचवा प्रश्न सगळ्यात कामाचा. ‘उंट सफारी समाविष्ट’ म्हणजे अनेकदा दहा मिनिटांचा एक फेरा असतो. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

शुक्रवार: पोहोचा, आणि फार काही करू नका

दुपारी तीन-साडेतीनपर्यंत गावात पोहोचलात तर जेवून, तोंड धुऊन थेट गडीसर तलाव. चौदाव्या शतकात महारावळ गडसीने तो नव्याने बांधून घेतला. घरोघरी नळ येईपर्यंत अख्खं गाव याच पाण्यावर जगत होतं. काठाची ती देखणी कमान, टीलों की पोल, एका कलावंतिणीने बांधली असं सांगतात. राजघराण्यातल्या बायकांनी तिच्या कमानीखालून जायचं कसं, असा वाद निघाला, तर तिने वर कृष्णाचं देऊळ बसवून टाकलं. आता पाडणार कोण! खरं-खोटं कृष्णाला माहीत, पण कमान आहे.

सूर्यास्ताला व्यास छत्रीवर, म्हणजे जुन्या दगडी स्मारकमंडपांपाशी, या. तिथून किल्ल्याच्या भिंतीवर मावळतीचं ऊन पडताना दिसतं. ९९ बुरूज मोजायचा प्रयत्न मी दोनदा केला, दोन्ही वेळा सत्तरच्या पुढे हरवलो. जैसलमेर आपल्या घड्याळाच्या मानाने बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य उगवतो उशिरा आणि मावळतोही उशिरा. जानेवारीत उजाडायला साडेसात होतात आणि मावळतीला सहा वाजून जातात. म्हणजे पहाटे चारला गजर लावायची गरज नाही, आईच्या दृष्टीने ही सहलीतली पहिली चांगली बातमी होती.

जेवायला केर-सांगरी मागवा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याची. जिची आपण वर्षातून एकदा पूजा करतो तिच्यावर इथे दुष्काळात माणसं आणि शेळ्या जगल्या. केर ही एका काटेरी झुडपाची आंबट-तुरट फळं. दोन्ही वाळवून ठेवतात, भिजवून तेलात आणि भरपूर तिखटात शिजवतात. बरोबर बाजरीची भाकरी, पण आपल्यापेक्षा जाड. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, ‘याला थोडा गूळ हवा होता.’ तुम्हालाही वाटलं तर मागा, देतात.

शनिवार सकाळ: किल्ला, साडेआठच्या आत

अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत चढायचं. उतार दगडी आणि शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला, त्यामुळे चपलेऐवजी रबरी तळव्याचे बूट घाला. गुडघे दुखत असतील तर रिक्षा बरीच वरपर्यंत येते, लाजू नका.

चौकात पोहोचलात की राजवाडा आधी बघायचा मोह होईल. तो नंतरही उघडा असतो. सरळ जैन मंदिरांकडे वळा, कारण इतरांसाठी ती मुख्यतः सकाळीच खुली असतात आणि बारानंतर गेलात तर माझ्यासारखं होईल. चामड्याचे पट्टे, पाकिटं बाहेर ठेवावी लागतात, तेवढी तयारी ठेवा. पार्श्वनाथ मंदिराचं तोरण बघताना खालून वर बघू नका, मान दुखते आणि काही कळत नाही. एक खांब निवडा आणि त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. दगड एवढा बारीक कोरलाय की नर्तकीच्या पैंजणाचे घुंगरू वेगवेगळे मोजता येतात.

खाली येताना गल्लीत कुणीतरी हाबूर गावच्या दगडाचा पेला दाखवेल: ‘दूध घाला, सकाळी दही.’ दगडात खरोखर जीवाश्म आहेत आणि पेला सुंदर आहे. शोभेची वस्तू म्हणून आवडला तर घ्या. विरजण मात्र घरी चालू ठेवा.

आणि ‘लपके’. हा तिथला शब्द, पर्यटकाच्या मागे लागून दुकानात किंवा हॉटेलात नेणाऱ्यांसाठी. स्टेशनवर, किल्ल्याच्या दाराशी, समच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून गाडीला समांतर येतात आणि ‘तुमचं हॉटेल बंद पडलंय’ इथवर सांगतात. काच खाली करू नका. गाईड हवा असेल तर ओळखपत्र असलेला घ्या आणि दुकानं नकोत हे निघतानाच सांगा.

अकराच्या पुढे ऊन चढलं की हवेल्या. इथे गल्ल्या अरुंद, आतमध्ये गारवा. पटव्यांची हवेली म्हणजे एक नव्हे, पाच हवेल्यांची ओळ. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ साली सुरुवात केली आणि पुरं व्हायला काही दशकं गेली. तिकीट वेगवेगळं आहे, एक आतून बघितली तरी पुरे. वेळ उरला तर नथमलची हवेली बाहेरून बघा. दोन भावांनी अर्धी-अर्धी बाजू कोरली असं सांगतात. दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण नीट पाहिलं तर नक्षी जुळत नाही. फरक शोधायचा खेळ मुलांना लावून द्या, तुम्हाला वीस मिनिटं शांतता मिळते.

मग जेवा आणि झोपा. दोन तास. हा सल्ला कुणी पाळत नाही आणि रात्री नऊला शेकोटीसमोर पेंगत बसतो.

शनिवार दुपार: कुलधरा आणि मग वाळू

तीन वाजता निघा. वाटेत, गावापासून १८ किलोमीटरवर, कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. दिवाण सालमसिंगाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत सगळे निघून गेले आणि जाताना शाप देऊन गेले, ही कथा प्रत्येक गाईड सांगतो. भुतांची तर दुकानदारीच झाली आहे. मला तिथे जास्त थक्क करतं ते दुसरंच. वर्षाला जेमतेम वीतभर पाऊस पडणाऱ्या या मुलखात ही माणसं गहू पिकवायची. खडकाळ उतारावरचं पाणी बांध घालून सखल जागी अडवायचं, मुरू द्यायचं आणि ओलीवर रब्बी घ्यायची. याला खडीन म्हणतात, अजूनही काही ठिकाणी चालतात. छपरं गेलेल्या घरांच्या भिंतींमधून फिरताना हे डोक्यात ठेवलं की भूत लागत नाही.

वाळूवर सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी पोहोचा. उंटावर बसताना एक गोष्ट लक्षात ठेवा: उंट उठतो तो मागचे पाय आधी सरळ करून. तुम्ही एकदम पुढे फेकले जाता. म्हणून उठताना मागे रेला, बसतानाही मागेच रेला, कारण तेव्हा तो पुढचे गुडघे आधी टेकतो. पाठीचं दुखणं असेल तर उंटगाडी मागा. आई उंटगाडीत गादीवर मांडी घालून बसली होती आणि आमच्यापेक्षा जास्त वाळवंट तिनेच बघितलं.

जीपने टेकड्या उडवायचा खेळ करायचा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त एवढं सांगतो की सम-खुरीचा हा पट्टा राष्ट्रीय मरू उद्यानाला लागून आहे आणि तिथे गोडावण राहतो. गोडावण म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं. उरलेल्या माळढोकांचा मोठा आसरा आता हाच मुलूख आहे. तो जमिनीवर, गवतात एखादंच अंडं घालतो. वाळूवर काय ते फिरवा, ‘जरा गवतातून शॉर्टकट घ्या’ असं ड्रायव्हरला म्हणू नका.

खुरीत राहिलात तर यजमानाला सांगून ठेवा की स्पीकर नको, मांगणियार बोलवा. वंशपरंपरेने गाणारी ही मंडळी. त्यांचा कमायचा बघा: आंब्याच्या लाकडाचा गोल पोटाचा, वर बकरीचं कातडं ताणलेलं, गजाने वाजवायचा. खडताल म्हणजे एकेका हातात दोन-दोन लाकडी पट्ट्या, बस्स. आमच्यासमोर एक आजोबा आणि त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू बसले होते. आजोबांनी तान घेतली की नातू अर्ध्यातून उचलायचा, चुकला की आजोबा गाणं न थांबवता भुवई उडवायचे. बिदागी त्यांच्याच हातात द्या.

रात्र थंड असते, आणि थंड म्हणजे आपल्या महाबळेश्वरी थंडीसारखी नव्हे. वाळू जशी झटकन तापते तशीच झटकन निवते. दुपारी टी-शर्टवर असलेला माणूस रात्री दहाला कानटोपी शोधतो. जानेवारीत पारा पाच-सातपर्यंत सहज उतरतो. एकावर एक घालायचे कपडे, मोजे, कानटोपी, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलिन, एक विजेरी. फोन आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा. चार्जिंगच्या भोकात वाळू गेली की फोनचं काम झालं. रोख रक्कम आणि ओळखपत्र जवळ असू द्या, सीमाभाग असल्याने कुठेही विचारतात.

रविवार: पहाटेची वाळू, मग परत

साडेसहाला उठा. रात्रीच्या वाऱ्याने कालच्या सगळ्या पावलांवर वाळू फिरवलेली असते आणि त्या कोऱ्या पाटीवर किड्यांच्या, उंदरांच्या, कधी कोल्ह्याच्या पावलांची रांग दिसते. सूर्य वर आला, सावल्या आखडल्या, की संपलं. जेमतेम पाऊण तास.

सीमेजवळचं तनोट मातेचं देऊळ आणि लोंगेवाला करायचा बेत असेल तर तो या अडीच दिवसांत कोंबू नका. तनोट एका बाजूलाच १२० किलोमीटर आहे, तिथून पुढे १९७१च्या लढाईचं लोंगेवाला, म्हणजे सगळा दिवस. जायचंच असेल तर सोमवारचीही रजा काढा आणि निघण्याआधी रस्ता खुला आहे ना ते स्थानिक पोलिसांकडून किंवा हॉटेलातून खात्री करून घ्या. सीमेवर ताण असला की बंद करतात. त्याऐवजी परतताना गावाच्या उत्तरेला सहा किलोमीटरवर बडा बाग बघा. राजांच्या छत्र्या आणि मागे फिरणाऱ्या पवनचक्क्या, अर्धा तास पुरतो.

जैसलमेर साडेअकराच्या आत सोडा. गावातून निघताना घोटुआं लाडू आणि वाळवलेली सांगरी घ्या. लाडू दोन दिवसांत संपतात, सांगरी वर्षभर टिकते. संध्याकाळची ट्रेन किंवा विमान जोधपूरहून असेल तर साडेपाचला तिथे असायला हवं, आणि मध्ये पोखरणला थांबणं होतंच. पोखरण म्हटलं की आपल्याला १९७४ आणि १९९८च्या अणुचाचण्या आठवतात, पण तिथल्या रस्त्यावर गाड्या थांबतात त्या चमचम या मिठाईसाठी. आमचा ड्रायव्हर न विचारताच थांबला. ‘दहा मिनिटं, माँजी,’ म्हणाला. पंचवीस लागली. तेवढी हिशेबात धरा.